ऑफिसच्या इमारतीत लॅब उभारायची असेल तर: इमारत निवडण्यापासून ताबा देईपर्यंत

रिकामी पडलेली ऑफिसची इमारत जीवविज्ञान क्षेत्रातल्या कंपन्यांना लॅबसाठी द्यावी, असं ठरलं की पहिली चर्चा टेबलं, सिंक आणि काचेच्या पार्टिशनवर सुरू होते. ते काम सोपं आहे आणि सगळ्यात शेवटी येतं. अवघड आहे ते हवा आत-बाहेर नेणं, वरच्या मजल्यावर रसायनं ठेवणं आणि स्लॅबवर वजन पेलणं. या तिन्हींबाबतीत इमारतीची मूळ घडणच आड येत असेल, तर नंतर कितीही पैसा ओतला तरी लॅब अर्धवटच राहते. म्हणून खालच्या पहिल्या चार पायऱ्या करार होण्याआधी, आतलं एकही ड्रॉइंग काढण्याआधी पार पाडा.

हा लेख मालक, प्रकल्प व्यवस्थापक आणि पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्या आर्किटेक्टसाठी आहे. आकडे प्राथमिक अंदाजासाठी आहेत. अंतिम हिशेब तुमच्या भागातले नियम आणि तुमचे इंजिनिअर यांच्याकडूनच करून घ्यायचा.

आधी हे कागद जमवा

- इमारतीची प्रत्यक्ष बांधकामानुसारची ड्रॉइंग, विशेषतः स्ट्रक्चरल. स्लॅब साधा आहे की पोस्ट-टेन्शन (आत ताणलेल्या स्टीलच्या केबल असलेला), हे त्यातून कळायला हवं.
- प्रत्येक मजल्याची आणि गच्चीची डिझाइन करताना धरलेली भारक्षमता
- विजेचा मंजूर भार आणि मुख्य पॅनेलचं सिंगल लाइन डायग्राम
- शाफ्टची (डक्ट, पाइप आणि केबल वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीची) मापं, त्यात सध्या काय काय आहे त्याच्या नोंदीसकट
- लिफ्टची क्षमता, दाराची रुंदी, आतली उंची
- स्प्रिंकलर आणि अग्निसुरक्षेची कागदपत्रं. भिंती-स्लॅब किती तास आग अडवतात त्याची माहिती
- जुनी इमारत असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसचा तपासणी अहवाल
- भाडेकरूकडून: उपकरणांची यादी (वजन, वीज, उष्णता, गॅस, पाणी), रसायनांची यादी (नाव, प्रमाण, ज्वलनशीलतेचा वर्ग) आणि जैवसुरक्षेची पातळी (हाताळायचे जंतू किती धोकादायक, त्यावरून ठरणारी श्रेणी)

ड्रॉइंग मिळाली तरी लेझर मीटर घेऊन प्रत्येक मजला स्वतः मोजा. ड्रॉइंगमध्ये मोकळा दिसणारा शाफ्ट प्रत्यक्षात जुन्या पाइपांनी आणि केबलांनी भरलेला असतो.

१. ‘लॅब’ म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

संगणकावर जनुकीय माहितीचं विश्लेषण करणारी कंपनी आणि दिवसभर सॉल्व्हंट वापरून रेणू तयार करणारी कंपनी, दोघीही स्वतःला लॅबच म्हणतात. पहिलीला ऑफिसची इमारत जवळजवळ आहे तशी चालते. दुसरीला ती क्वचितच चालते. मधली म्हणजे जीवशास्त्राची लॅब: पेशींचं कल्चर, प्रथिनं, जैवसुरक्षा पातळी २, थोडेच फ्यूम हूड. रूपांतराला सगळ्यात योग्य भाडेकरू हाच.

म्हणून पहिला प्रश्न विचारा: फ्यूम हूड किती आणि बायोसेफ्टी कॅबिनेट किती? या दोन वस्तू नवखे लोक एकच समजतात. फ्यूम हूड रसायनांची वाफ थेट बाहेर फेकतो, त्यामुळे तो खोलीतली हवा सतत खेचत राहतो. बायोसेफ्टी कॅबिनेट जंतू आणि पेशी सुरक्षितपणे हाताळण्यासाठी असतं. सर्वाधिक वापरलं जाणारं क्लास २, प्रकार ए२ कॅबिनेट साधारण ७० टक्के हवा आतल्या आत फिरवतं आणि उरलेली ३० टक्के हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून) सोडतं. ही हवा खोलीतही सोडता येते, म्हणून त्याला डक्ट लागेलच असं नाही. प्रकार बी२ मात्र सगळी हवा बाहेर टाकतो. यादीत नुसतं ‘हूड’ लिहिलं असेल तर मॉडेल नंबर मागा. या एका शब्दावरून गच्चीवरचे पंखे दुप्पट होऊ शकतात.

२. उंची, वजन आणि हादरे

उंचीचा हिशेब दोन मिनिटांचा आहे. स्लॅबपासून स्लॅबपर्यंत ३.६ मीटर हे ऑफिसचं नेहमीचं माप. त्यातून ०.६ मीटर बीम आणि २.७ मीटर खोलीची उंची वजा केली की उरतात ३० सेंटीमीटर. एवढ्यात डक्ट, पाइप, केबल ट्रे, स्प्रिंकलर आणि दिवे बसवायचे. नाही बसत. ४.३ मीटर उंची असेल तर याच हिशेबात एक मीटर मोकळा मिळतो आणि काम नीट होतं. मधल्या उंचीत मार्ग निघतात: मुख्य डक्ट बीमच्या समांतर, दोन बीमच्या मधून नेणं, कॉरिडॉरचं छत खाली घेऊन लॅबचं उंच ठेवणं किंवा जिथे फार स्वच्छता लागत नाही तिथे फॉल्स सीलिंगच न करणं. ३.६ च्याही खालच्या इमारतीत वेट लॅब (द्रव, रसायनं आणि जैविक नमुने हाताळणारी लॅब) करण्याचा हट्ट धरू नये.

वजनासाठी ऑफिसचा स्लॅब बहुधा दर चौरस मीटरला २५० किलोच्या आसपास चल भार (माणसं, फर्निचर, उपकरणं यांचं वजन) धरून केलेला असतो. लॅबसाठी ५०० किलोच्या आसपास हवा, कारण उणे ८० अंशांचा एक फ्रीझर रिकामाच २५० ते ४०० किलोचा असतो आणि नमुने भरले की आणखी जड होतो. तोही जेमतेम एक चौरस मीटर जागेवर उभा. असे दहा फ्रीझर ओळीने ठेवले की स्लॅबचा तपास अनिवार्य. उपाय म्हणजे फ्रीझरची खोली तळमजल्यावर नेणं किंवा कॉलमजवळ बीमवर ओळ लावणं. स्टीलचे जादा बीम घालणं शक्य असतं, पण ते खालच्या मजल्याच्या छतात शिरून करावं लागतं. तिथे दुसरा भाडेकरू बसलेला असेल तर काम अडतं.

हादऱ्यांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ऑफिसच्या जमिनीवर माणूस चालला की सेकंदाला २०० ते ४०० मायक्रोमीटर वेगाची थरथर सहज होते. बसल्या माणसाला ती फारशी जाणवत नाही, पण सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा हलते. उत्तम ऑप्टिकल सूक्ष्मदर्शकासाठी सहसा ५० मायक्रोमीटर प्रति सेकंदाची मर्यादा पाळतात. तिला व्हीसी-ए म्हणतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला याहून कितीतरी शांत जागा लागते. प्रत्यक्ष मोजणी करून घ्या, आणि ती कामाच्या दिवशी, लोक चालत असताना, जवळच्या रस्त्यावर वाहतूक असताना. रविवारी सकाळी घेतलेलं माप कागदावर छान दिसतं आणि नंतर फसवतं. नाजूक उपकरणं कॉलमजवळ ठेवा आणि वर्दळीचा कॉरिडॉर दोन कॉलमच्या मधोमध येऊ देऊ नका. स्लॅब तिथेच सर्वात जास्त हलतो.

पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर कोअर कटिंगच्या (स्लॅबला आरपार भोक पाडण्याच्या) आधी रडारने स्कॅन झालंच पाहिजे. ताणलेली एक केबल कापली गेली तर स्लॅबची ताकद जाते आणि जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. लॅबला ड्रेनेजची अनेक भोकं लागतात, म्हणून अशा इमारतीत सिंकच्या जागा स्कॅनचा नकाशा हातात घेऊनच ठरवायच्या.

३. हवा: अर्ध्याहून अधिक डोकं इथे लावा

ऑफिसमध्ये एसीची बहुतेक हवा परत फिरवली जाते. वेट लॅबमधली हवा परत फिरवायची नसते: बाहेरून ताजी घ्यायची, थंड-कोरडी किंवा गरम करायची, एकदा वापरायची आणि गच्चीवरून फेकून द्यायची. साधारण अपेक्षा तासाला ६ ते १० वेळा खोलीतली सगळी हवा बदलण्याची. ऑफिसचा जुना एएचयू (हवा थंड करून डक्टमधून पुरवणारं यंत्र) ‘थोडा वाढवून’ हे जमत नाही. तो यासाठी बनलेलाच नसतो.

शाफ्टचा अंदाज असा काढा. एका मजल्यावर १,००० चौरस मीटर लॅब, उंची २.७५ मीटर, म्हणजे २,७५० घनमीटर. तासाला आठ वेळा हवा बदलायची म्हणजे २२,००० घनमीटर, सेकंदाला सुमारे ६.१. उभ्या डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला १० मीटर धरला तर नुसत्या पुरवठ्याला ०.६ चौरस मीटर छेद लागतो. बाहेर जाणारी हवा याहून थोडी जास्त. चार मजले एकाच गच्चीवर नेले तर दोन्ही मिळून सुमारे ५ चौरस मीटर डक्ट होतो. इन्सुलेशन, जोड आणि माणसाचा हात जाण्याइतकी फट धरली की शाफ्ट साधारण दुप्पट, १० चौरस मीटर. ऑफिसमध्ये एवढा मोकळा शाफ्ट जवळपास कधीच नसतो. मग स्लॅबमध्ये नवीन भोक पाडायचं, एखादी जादा लिफ्ट बंद करून तिचा खड्डा वापरायचा, किंवा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लागून शाफ्ट उभारायचा. मोठी इमारत असेल तर लॅब फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या काही मजल्यांपुरती ठेवणं हा बहुधा सगळ्यात शहाणा निर्णय असतो.

आता हूड. १.५ मीटर रुंदीचं तोंड, काच ४५ सेंटीमीटर वर, तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर: एक हूड तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा खेचतो. ६० चौरस मीटरच्या खोलीला आठ बदलांसाठी लागते १,३०० च्या आसपास. म्हणजे एकच हूड जवळपास पूर्ण खोलीची हवा नेतो, आणि तीन हूड लावले की तीच खोली तासाला २२ बदलांवर जाते. तितकी हवा थंड करण्याची वीजही त्याच हिशेबाने वाढते. भाडेकरू ‘पुढेमागे लागतील म्हणून’ चार हूड मागतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. हूडची काच खाली केली की हवाही आपोआप कमी होणारे व्हेरिएबल व्हॉल्यूम हूड घ्या.

गच्चीवर आणि डक्टमध्ये या गोष्टी पाळा:

- बाहेर टाकायच्या धुराड्याचं तोंड गच्चीपासून किमान ३ मीटर वर, सरळ आकाशाकडे, हवेचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर. तोंडावर छत्रीसारखी टोपी बसवू नका, ती हवा परत खाली ढकलते.
- ताजी हवा घेण्याची जाळी धुराड्यापासून, जनरेटरच्या धुरापासून आणि ट्रक उभे राहतात त्या जागेपासून लांब. शेजारी उंच इमारत असेल तर वाऱ्याच्या प्रवाहाचा अभ्यास करून घ्या. तुमचा धूर त्यांच्या खिडकीत जाता कामा नये.
- फ्यूम हूडच्या डक्टमध्ये फायर डॅम्पर (आग लागल्यावर आपोआप बंद होणारी झडप) नको. अमेरिकेचं लॅबसाठीचं अग्निसुरक्षा मानक, एनएफपीए ४५, ते स्पष्ट मना करतं: डॅम्पर बंद झाला की विषारी वाफ लॅबमध्येच अडकते. एचव्हीएसी कंत्राटदार सवयीने ते लावतात, म्हणून ड्रॉइंगवर ठळक लिहा.
- बाहेर टाकणारे पंखे गरजेपेक्षा एक जास्त. एक बंद पडला तरी लॅब चालू राहिली पाहिजे.
- फेकलेल्या हवेतली थंडी किंवा ऊब परत मिळवायची असेल तर फिरतं चक्र वापरू नका, त्यातून घाण हवा ताज्या हवेत मिसळू शकते. दोन वेगळ्या कॉइलमध्ये पाणी फिरवणारी पद्धत घ्या.

नवे एएचयू आणि पंखे गच्चीवर जाणार, म्हणून गच्चीचा स्लॅबही तपासायचा. बहुतेक वेळा वजन थेट कॉलमवर नेणारी स्टीलची चौकट करावी लागते. शेजाऱ्यांपर्यंत जाणाऱ्या आवाजाचा हिशेबही याच वेळी करा.

४. कुठल्या मजल्यावर किती रसायन

चांगल्या-चांगल्या प्रकल्पांना शेवटच्या महिन्यात अडवणारा मुद्दा हा आहे. जितका वरचा मजला, तितकं ज्वलनशील रसायन कमी ठेवता येतं, कारण अग्निशमन दलाला तिथे पोहोचायला वेळ लागतो आणि लोकांना बाहेर पडायलाही. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. उदाहरण म्हणून अनेक ठिकाणी आधार घेतला जाणारा इंटरनॅशनल बिल्डिंग कोड पाहा. त्यात मजल्याचे ‘कंट्रोल एरिया’ पाडतात, म्हणजे आग अडवणाऱ्या भिंतींनी वेगळे केलेले भाग. खालचे टक्के म्हणजे प्रत्येक भागात साठ्याच्या मूळ मर्यादेच्या किती रसायन चालतं ते:

- जमिनीच्या पातळीवरचा मजला: ४ भाग, प्रत्येकी पूर्ण मर्यादा
- त्यावरचा: ३ भाग, ७५ टक्के
- त्यावरचा: २ भाग, ५० टक्के
- कोडनुसार चौथा ते सहावा: २ भाग, १२.५ टक्के
- सातवा ते नववा: २ भाग, ५ टक्के
- त्याच्या वर: १ भाग, ५ टक्के

हा कोड तळमजल्यालाच पहिला मजला धरतो. आपण ज्याला तिसरा मजला म्हणतो तो त्यांचा चौथा, आणि नेमकी तिथेच मर्यादा ५० वरून १२.५ टक्क्यांवर घसरते.

इथेनॉल, अ‍ॅसिटोन, अ‍ॅसिटोनायट्राइल यांच्या वर्गासाठी साठ्याची मूळ मर्यादा १२० गॅलन, म्हणजे ४५४ लिटर. पूर्ण इमारतीत स्प्रिंकलर असतील तर ती दुप्पट होते: ९०८ लिटर. कोडच्या सहाव्या मजल्यावर याचे १२.५ टक्के, म्हणजे एका भागात ११३ लिटर. आठव्यावर फक्त ४५. मान्यताप्राप्त ज्वलनशील पदार्थांच्या कपाटात ठेवलं तर ही मर्यादा आणखी दुप्पट होते, म्हणून कपाटं आधीपासून आराखड्यात धरा. उघड्या भांड्यात वापरायच्या द्रवाची मर्यादा याहून कमी असते.

तीन चुका वारंवार होतात. एक, वापरून झालेल्या सॉल्व्हंटच्या कचऱ्याच्या बाटल्या कोणी मोजत नाही. त्याही मर्यादेत येतात. दोन, एका मजल्यावर तीन भाडेकरू घेतले जातात आणि भाग दोनच मिळतात. मग तिसऱ्याने कोणाच्या वाट्यातून साठवायचं? तीन, या भागांच्या भिंती वरच्या स्लॅबपर्यंत न नेता फॉल्स सीलिंगपर्यंतच थांबवतात. त्या भिंती खालच्या मजल्यांवर १ तास आणि कोडनुसार चौथ्यापासून २ तास आग अडवणाऱ्या हव्यात. पाइप-केबलची भोकंही अग्निरोधक मसाल्याने बंद केलेली हवीत.

यातून निघणारा साधा नियम: रसायनशास्त्र खाली, जीवशास्त्र मध्ये, संगणक आणि ऑफिस वर.

५. वीज आणि जनरेटर

ऑफिसचा मंजूर भार लॅबला पुरत नाही, हे गृहीत धरून चाला. उपकरणांसाठीच चौरस मीटरला ५० ते १५० वॉट लागू शकतात, वर मोठ्या एएचयूचा भार वेगळा. नव्या पॅनेलची, ट्रान्सफॉर्मरची आणि जनरेटरची डिलिव्हरी यायला महिनोन्‌महिने लागतात. भाडेकरू ठरण्याआधी निदान ऑर्डरची वेळ तरी ठरवा.

जनरेटरवर काय चालणार, याची यादी भाडेकरूबरोबर बसून करा: फ्रीझर, इनक्यूबेटर, हूडचे पंखे, गॅसचे अलार्म, लॅबच्या नियंत्रणाची यंत्रणा. एक उणे ८० फ्रीझर दिवसाला साधारण १० ते २० युनिट वीज खातो, आणि ती सगळी उष्णता होऊन खोलीत येते. वीस फ्रीझर म्हणजे रात्रंदिवस चालणारा ८ ते १६ किलोवॉटचा हीटर. म्हणून फ्रीझर जनरेटरवर आणि त्या खोलीचा एसी मात्र नाही, अशी जोडणी फार धोक्याची. वीज गेल्यावर काही तासांत खोली तापते, कॉम्प्रेसर थांबतात आणि वर्षानुवर्षांचे नमुने जातात.

६. पाणी, सांडपाणी, गॅस

लॅबचं पाणी पिण्याच्या पाण्यापासून बॅकफ्लो प्रिव्हेंटरने (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेने) वेगळं करा. लॅबच्या सिंकचं सांडपाणी शौचालयाच्या लाइनला थेट जोडू नका. पॉलिप्रॉपिलीनसारख्या रसायन झेलणाऱ्या पाइपातून ते पीएच समतोल करणाऱ्या टाकीत आणा आणि मगच गटारात सोडा. टाकीनंतर नमुना घेण्यासाठी जागा ठेवा. २० मीटर लांबीच्या पाइपाला शंभरास एक उतार दिला तरी तो २० सेंटीमीटर खाली उतरतो, तेही खालच्या भाडेकरूच्या छतात. सिंक उभ्या पाइपाच्या जवळ ठेवण्याचं कारण हेच.

आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याची जागा धोक्याच्या ठिकाणापासून १० सेकंदांत गाठता आली पाहिजे, वाटेत बंद दार नको. अमेरिकी मानकानुसार शॉवरला मिनिटाला सुमारे ७६ लिटर पाणी १५ मिनिटं लागतं, तापमान १६ ते ३८ अंश. म्हणजे अकराशे लिटरहून जास्त. खाली जाळी नसेल तर हे पाणी खालच्या मजल्यावर उतरणार, तेव्हा निदान जमिनीचं वॉटरप्रूफिंग तरी तिथे करा.

द्रव नायट्रोजन असेल त्या खोलीत ऑक्सिजनचा सेन्सर हवाच, अलार्म १९.५ टक्क्यांवर. एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि त्याला वास नसतो. त्याची टाकी लिफ्टने नेताना आत माणूस नको. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर बंद खोलीत ठेवले तर त्यासाठीही सेन्सर लावा.

७. माल आणि कचऱ्याची वाट

फ्रीझर उतरवून मजल्यापर्यंत नेण्याची वाट प्रत्यक्ष चालून मोजा: दार, वळण, लिफ्ट, कॉरिडॉर. उभा फ्रीझर सुमारे २ मीटर उंच असतो आणि पॅकिंगसकट त्याहून जास्त. रसायनं आणि जैविक कचरा पाहुण्यांच्या लिफ्टमधून न्यावा लागणार असेल, तर एक लिफ्ट मालासाठी राखून ठेवा.

८. आतली मांडणी

लॅबचं माप साधारण ३.२ ते ३.३ मीटरच्या पट्ट्यात बसवतात: मध्ये चालायची जागा, दोन्ही बाजूंना टेबलं. चाकांवरची टेबलं आणि वरून खाली येणारी वीज-गॅसची जोडणी घ्या, भाडेकरू बदलला तरी भिंती फोडाव्या लागत नाहीत. जमीन जोड नसलेली, कडेला भिंतीवर चढवलेली. खिडक्या कायमच्या बंद. हूड दारापासून आणि एसीच्या तोंडापासून लांब, कारण बाजूने येणारा झोत हूडमधली वाफ बाहेर ओढतो. लॅबमधला हवेचा दाब कॉरिडॉरपेक्षा कमी. निर्जंतुक उत्पादनाची खोली मात्र याच्या उलट.

९. करारात लिहून घ्यायच्या गोष्टी

क्षेत्रफळ आणि भाडं लिहून थांबू नका. प्रत्येक भाडेकरूच्या वाट्याला किती घनमीटर हवा, जनरेटरचे किती किलोवॉट, गच्चीवर किती जागा आणि कुठल्या कंट्रोल एरियातला किती टक्के साठा, हे आकड्यांत लिहा. पीएचची टाकी सामाईक असेल तर सांडपाण्याचा परवाना कोणाच्या नावावर आणि मर्यादा ओलांडली तर जबाबदार कोण, तेही. पहिला भाडेकरू सगळी मर्यादा वापरून बसला की उरलेले मजले पुन्हा ऑफिस म्हणूनच द्यावे लागतात.

१०. चाचणी आणि ताबा

हवेचं संतुलन झाल्यावर प्रत्येक हूडची जागेवर चाचणी घ्या: तोंडाचा वेग, धूर सोडून दिशा आणि अ‍ॅश्रे ११० (हूडच्या चाचणीचं अमेरिकी मानक) पद्धतीने वायूची गळती. कारखान्यातलं प्रमाणपत्र पुरत नाही, कारण दोष बहुधा खोलीतल्या झोतांचा असतो. बायोसेफ्टी कॅबिनेट जागेवर बसवल्यावर आणि नंतर दरवर्षी प्रमाणित करून घ्यायची. नुसतं दुसऱ्या खोलीत हलवलं तरी पुन्हा.

मग मुख्य वीज खरोखर बंद करून पाहा. पुरवठ्याचा पंखा थांबला आणि बाहेर टाकणारे चालू राहिले तर आत इतका कमी दाब होतो की बाहेर उघडणारं दार माणसाला ढकलवत नाही. उलट झालं तर लॅबची हवा कॉरिडॉरमध्ये येते. पंखे कोणत्या क्रमाने थांबतात आणि जनरेटरवर परत सुरू होतात, ते दोन्ही स्थितींत दारं उघडून तपासा.

ताबा देताना चाचण्यांचे अहवाल, पोस्ट-टेन्शनचा स्कॅन नकाशा, कंट्रोल एरियांचा आराखडा आणि साठ्याचं वाटप एकाच फाइलमध्ये द्या. भाडेकरू सोडून जाईल तेव्हा डक्ट, सिंकचे ट्रॅप आणि टेबलं निर्धोक झाल्याचा लेखी अहवाल त्याच फाइलमध्ये जोडला जाईल, आणि तो मिळेपर्यंत अनामत रक्कम परत होणार नाही, असं कलम करारात असू द्या.